पहिलटकरणीला विचारलेला प्रश्न



बाळंतपणाबद्दल वेगवेगळ्या धर्मांचे जुने कायदे काय सांगतात, हे पाहताना आम्हाला ज्यू लोकांच्या कायद्यातला एक प्रश्न सापडला. प्रश्न लहानसा आहे, पण त्याच्यामागे दोन हजार वर्षांचा खल आहे आणि तो सगळा बाईच्या कुशीभोवती फिरतो. म्हणून आज त्याच्याबद्दल बोलायचं ठरवलं.

ज्यू म्हटलं की आपल्याला कोकणातले बेने इस्राएल आठवतात. अलिबागच्या बाजूला तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आपल्यासारखंच मराठी बोलणारे, गावावरून ‘कर’ लावून आडनाव सांगणारे. सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत बांधलेलं त्यांचं प्रार्थनामंदिर आजही आहे. आजची आपली गोष्ट मात्र कोकणातली नाही. ती पॅलेस्टाईन आणि बाबिलोन, म्हणजे आजचा इराक, इथल्या जुन्या ज्यू पंडितांची आणि त्यांच्याकडे प्रश्न घेऊन येणाऱ्या बायकांची आहे.

ज्यू घरात बाईचा पहिला मुलगा एक महिन्याचा झाला की एक विधी होतो. त्याचं नाव ‘पिदयोन हाबेन’, म्हणजे मुलाला सोडवून घेणं. एकतिसाव्या दिवशी पाहुणे जमतात. बाळाला सजवून चांदीच्या ताटात किंवा उशीवर निजवतात. बाप चांदीची पाच नाणी घेऊन उभा राहतो. समोर असतो कोहेन, म्हणजे जुन्या याजकांच्या कुळातला पुरुष. कोहेन बापाला विचारतो, तुला मुलगा हवा की पाच नाणी? बाप अर्थातच मुलगा मागतो, नाणी कोहेनच्या हातावर ठेवतो आणि बाळ ‘सोडवून’ घेतो.

स्पेनमधून पांगलेल्या आणि मध्यपूर्वेतल्या ज्यू लोकांच्या रीतीत यात आणखी एक गोष्ट आहे. बापाशी बोलण्याआधी कोहेन बाळाच्या आईकडे वळतो आणि विचारतो, हा तुझा पहिला मुलगा का? याच्याआधी तुला दुसरं मूल झालं होतं का, किंवा गर्भ पडला होता का? आणि आईने चारचौघांसमोर सांगायचं असतं की हाच माझा पहिला, याच्याआधी मला मूल झालं नाही आणि गर्भही पडला नाही.

गर्भ पडला होता का, हे एका धार्मिक विधीत, पाहुण्यांसमोर विचारायचं कारण काय? ते समजायला आपल्याला मुळाशी जावं लागेल.

तोराच्या निर्गम नावाच्या ग्रंथात गोष्ट आहे. मिसर देशात इस्राएली लोक गुलाम होते. त्यांना सोडवताना देवाने मिसरी लोकांची पहिली मुलं मारली आणि इस्राएलींची वाचवली. म्हणून इस्राएलींचा पहिला मुलगा देवाचा ठरला. पुढे देवाच्या सेवेसाठी या मुलांच्या जागी लेवी कुळातले पुरुष घेतले गेले. गणना नावाच्या ग्रंथात त्या अदलाबदलीचा हिशेबच दिलेला आहे. पहिली मुलं भरली २२,२७३ आणि लेवी भरले २२,०००. वरच्या २७३ मुलांसाठी दर मुलामागे पाच शेकेल, असे १,३६५ शेकेल याजकांना देण्यात आले. पाच नाण्यांचा आकडा इथून आला. पुढच्या काळात ही नाणी सोर शहराच्या चांदीच्या तोलाची असावीत असं ठरलं. आजच्या मापाने ती साधारण शंभर ग्रॅम चांदी होते. जमीन किंवा कर्जाचा कागद देऊन मुलगा सोडवता येत नाही, असाही नियम झाला.

आता ‘पहिला’ म्हणजे कोण? इथं तोराचे शब्द फार नेमके आहेत. याजकाला पैसे द्यायचे ते ‘पेतेर रेखेम’ साठी. ‘रेखेम’ म्हणजे गर्भाशय आणि ‘पेतेर’ म्हणजे उघडणारा. जो आईची कूस पहिल्यांदा उघडतो, तो पहिला. आपल्याकडे पहिलं मूल झालं की ‘कूस उजवली’ म्हणतात. त्याच्या जवळ जाणारा हा शब्द आहे, फक्त इथं तो कायद्याचा शब्द आहे.

पण तोराच्याच अनुवाद नावाच्या ग्रंथात पहिल्या मुलाचा दुसरा हिशेब आहे. तिथं विषय वारसाहक्काचा. बापाच्या मालमत्तेत पहिल्या मुलाला इतर भावांच्या दुप्पट वाटा मिळतो. आणि तिथं पहिल्या मुलाला म्हटलं आहे बापाच्या बळाचं पहिलं फळ. म्हणजे ही मोजणी बापाकडून होते. आईची कूस तिथं येतच नाही.

झाले की नाही दोन हिशेब? एक कुशीचा आणि एक बापाच्या वंशाचा. बहुतेक घरांत दोन्हीचं उत्तर एकच येतं. पण विधवा बाई पुन्हा लग्न करते, एका पुरुषाला दोन बायका असतात, आणि कधी पहिला गर्भ हाती लागत नाही. तेव्हा ही दोन उत्तरं वेगळी होतात.

मिश्ना नावाचा ज्यू कायद्याचा ग्रंथ इसवी सन २००च्या सुमाराला रब्बी यहूदा हानासी यांनी सिद्ध केला. त्यात पहिल्या जन्मलेल्यांवर ‘बेखोरोत’ नावाचं एक प्रकरण आहे. त्याचा आठवा अध्याय मुलांचे चार गट करूनच सुरू होतो. एक, वारशासाठी पहिला पण कोहेनसाठी नाही. दुसरा, कोहेनसाठी पहिला पण वारशासाठी नाही. तिसरा, दोन्हीसाठी पहिला. आणि चौथा, कशासाठीच पहिला नाही.

उदाहरणं घेऊ. ज्याला मूलबाळ नाही अशा पुरुषाने आधी बाळंत झालेल्या बाईशी लग्न केलं आणि त्यांना मुलगा झाला. तो बापाचा पहिला, म्हणून वारशात दुप्पट वाटा त्याचा. पण आईची कूस आधीच उघडलेली, म्हणून कोहेनला काही द्यायचं नाही. आता उलट करा. आधीची मुलं असलेल्या पुरुषाने पहिलटकरणीशी लग्न केलं. तिचा मुलगा कोहेनसाठी पहिला, वारशात मात्र इतर भावांसारखाच. बापाला दोन बायका असल्या आणि दोघींनाही पहिला मुलगा झाला, तर बापाला दोनदा पाच-पाच नाणी मोजावी लागतात, कारण कुशी दोन आहेत.

आईची पहिली मुलगी झाली असेल तर नंतरच्या मुलाचा हा विधी होत नाही, कारण कूस मुलीनेच उघडली. आई स्वतः कोहेनची किंवा लेवीची मुलगी असेल, तरी तिच्या पहिल्या मुलासाठी पैसे द्यावे लागत नाहीत, मग बाप कोणत्याही कुळातला असो. तालमूद, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेचा मोठा ग्रंथ, याचं कारणही सांगतो. तोराने ही गोष्ट कुशीवर सोपवली आहे, म्हणून आईचं कुळ बघायचं. बाकी सगळीकडे बापाचं कुळ बघणाऱ्या कायद्यात हे वेगळं आहे, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

आणि जिथं पोट चिरून मूल काढलं, त्याचं काय? मिश्नाच्या काळातही हा प्रश्न पंडितांना पडला होता. त्यांनी ठरवलं की असं मूल कूस उघडून आलेलंच नाही, म्हणून ते कोहेनसाठी पहिलं नाही. त्याच्यानंतर नेहमीच्या वाटेने आलेलं मूलही पहिलं नाही, कारण ते पहिलं बाळंतपण नव्हे. रब्बी शिमोन यांचं मत वेगळं होतं. ते म्हणत, चिरून काढलेला वारशासाठी पहिला आणि नंतरचा कोहेनसाठी पहिला. पण चालला तो बहुमताचा निर्णय. आज पहिलं बाळंतपण सिझेरियनने झालं, तर ज्यू घरात हा विधी होत नाही, तो याच निर्णयामुळे.

आता येऊ ज्या गोष्टीसाठी कोहेन आईला विचारतो तिच्याकडे.

बाईचा पहिला गर्भ पडला आणि नंतर तिला मुलगा झाला. हा मुलगा पहिला का? मिश्नाचं उत्तर असं की काय पडलं आणि केव्हा पडलं ते पाहायचं. नुसती पाण्याने किंवा रक्ताने भरलेली पिशवी पडली असेल किंवा चाळिसाव्या दिवशीच गर्भ पडला असेल, तर कूस उघडली असं धरत नाहीत. नंतरचा मुलगा दोन्हीसाठी पहिला. पण गर्भाला आकार आलेला असेल, वार पडली असेल, किंवा गर्भ तुकड्या-तुकड्यांनी बाहेर आला असेल, तर कूस उघडली. नऊ महिने भरून मूल मेलेलं आलं, तरीही कूस उघडली. मग नंतरचा मुलगा कोहेनसाठी पहिला राहत नाही. वारशासाठी मात्र तो पहिलाच, कारण बापाच्या हिशेबात गेलेला गर्भ धरलेलाच नाही.

हे जरा सावकाश ऐका. तेच घर, तोच गेलेला जीव. बापाच्या खात्यात तो नाही. आईच्या खात्यात तो आहे. नंतर जन्मलेला मुलगा बापाचा पहिला आणि आईचा दुसरा ठरतो. बाराव्या शतकात मिसरमध्ये राहणारे मोठे पंडित आणि वैद्य मायमोनिडीस यांनी सगळा ज्यू कायदा विषयवार लावला. तेव्हा कुशीचा हिशेब त्यांनी शेताच्या पहिल्या पिकाच्या देणग्यांशेजारी घातला आणि वारशाचा हिशेब मालमत्तेच्या कायद्यात. १५६५ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ‘शुल्खान आरुख’ या ग्रंथातही ही दोन प्रकरणं दोन वेगळ्या भागांत आहेत. एकाच पाळण्यातल्या मुलासाठी दोन पोथ्या उघडाव्या लागतात.

चाळीस दिवसांची ही हद्द कुठून आली? जुन्या जगात पुष्कळांना वाटे की साधारण इतक्या दिवसांत गर्भाला माणसाचा आकार येतो. ग्रीक विद्वान ॲरिस्टॉटलने मुलग्यासाठी चाळीस आणि मुलीसाठी नव्वद दिवस सांगितले होते. ज्यू पंडितांमध्ये रब्बी इश्माएल म्हणत, मुलगा एकेचाळिसाव्या दिवशी पुरा होतो आणि मुलगी एक्याऐंशीव्या. आधाराला त्यांनी बाळंतिणीच्या विटाळाचे दिवस घेतले, कारण लेवीय ग्रंथात मुलगा झाला तर चाळीस आणि मुलगी झाली तर ऐंशी दिवस सांगितले आहेत. बाकीच्या पंडितांनी हे मानलं नाही. मुलगा असो की मुलगी, दोघांची घडण एकेचाळिसाव्या दिवशी, असा त्यांनी निर्णय दिला. पोटातल्या मुलीला मुलापेक्षा उशिरा माणूस ठरवायला त्यांनी नकार दिला, हे आम्हाला आवर्जून सांगावंसं वाटतं. चाळीस दिवसांच्या आतल्या गर्भाला तालमूद नुसतं पाणी म्हणतो.

आजच्या डॉक्टरांच्या मोजणीशी हे जुळवताना एक गोष्ट लक्षात ठेवायची. डॉक्टर दिवस मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. ज्यू कायद्याचे चाळीस दिवस गर्भ राहिल्यापासूनचे. दोन्हींत साधारण दोन आठवड्यांचा फरक पडतो. म्हणजे डॉक्टरांच्या कागदावर ही हद्द पावणेआठ आठवड्यांच्या आसपास येते. त्या वेळेपर्यंत पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं आणि घरात कोणाला सांगितलेलंही नसतं.

आता आम्हाला पडलेला प्रश्न. पुरुष पंडितांना हे सगळं कळलं कसं? पाण्याची पिशवी, वार, तुकडे, आकार, हे त्यांनी कुठं पाहिलं?

तालमूदमधल्या ‘निद्दा’ या प्रकरणात त्याचं उत्तर मिळतं. रब्बी एलाझार, रब्बी सादोक यांचे चिरंजीव, दोन हकिकती सांगतात. एका बाईच्या अंगावरून तांबड्या सालींसारखं काहीतरी पडायचं. दुसरीच्या अंगावरून तांबड्या केसांसारखं. हे गर्भ होते की काय? प्रश्न आला रब्बींच्या वडिलांकडे, वडिलांनी यावने इथल्या पंडितांना विचारलं, पंडितांनी वैद्यांना विचारलं. वैद्य म्हणाले, पहिलीच्या पोटात जखम आहे, साली तिथून सुटतात. आणि उपाय सांगितला की जे पडेल ते पाण्यात टाकून पाहा, विरघळतं का बघा. त्या बायकांनी आपल्या अंगावरून गेलेलं जपून ठेवलं, निरखलं, त्याचं वर्णन केलं, तेव्हा कुठे पंडित आणि वैद्य यांचं संभाषण सुरू झालं. ग्रंथात वैद्यांचं बोलणं उतरलं. त्या दोन बायकांची नावं उतरली नाहीत.

त्याच प्रकरणात याहून अवघड एक कथा येते. इजिप्तची राणी क्लिओपात्रा हिने मृत्युदंड झालेल्या दासींवर गर्भाचे दिवस तपासून पाहिले, अशी ती कथा. ती खरी घडली असं कोणी धरून चालू नये. वाद घालणारे दोन्ही पक्ष तिचा आपापल्या बाजूने पुरावा देतात. पण दासींच्या शरीरावरून मिळालेलं ज्ञान शहाण्यांच्या चर्चेत कसं सहज येऊन बसतं, ते त्यातून दिसतं.

साक्षीच्या बाबतीत मात्र बाईचा शब्द ग्रंथात उतरला आहे. जुळी झाली तर आधी कोण आलं, हे कोण सांगणार? तालमूद म्हणतो, तिघांचा शब्द ग्राह्य धरायचा. सुईणीचा शब्द तत्काळ, बाळंतपणाच्या जागीच. आईचा शब्द पहिले सात दिवस. बापाचा शब्द नेहमीसाठी. यातली उतरंड उघड आहे. सगळ्यात जवळून पाहणाऱ्या सुईणीला सगळ्यात थोडा वेळ आणि त्या वेळी बाहेर बसलेल्या बापाला सगळा जन्म. तरीही, ज्या काळी ज्यू न्यायसभेत बाईची साक्ष बहुतेक बाबतींत चालत नव्हती, त्या काळी सुईणीचं बोट ज्याच्याकडे जाईल तो पहिला, ही लहान गोष्ट नव्हती. उत्पत्तीच्या ग्रंथात तामारच्या जुळ्यांची गोष्ट आहे. एकाचा हात आधी बाहेर आला, सुईणीने त्याला लाल धागा बांधला, पण हात आत गेला आणि दुसराच पुढं आला. दुसऱ्याचं नाव पडलं पेरेस, म्हणजे मुसंडी मारून आलेला. धागा बांधणारी ती सुईण म्हणजे पहिलेपणाची सगळ्यात जुनी साक्षीदार.

आणि शंका असली तर? गर्भ चाळीस दिवसांच्या आतला की बाहेरचा, आकार आला होता की नव्हता, हे नक्की सांगता येत नसेल तर? इथं ज्यू कायदा सर्वसाधारण न्यायाचं सूत्र लावतो. जो दुसऱ्याकडून पैसे मागतो, त्याने पुरावा आणायचा. पैसे कोहेनला मिळायचे, म्हणून पुराव्याचं ओझं कोहेनवर. बाईला कोणी गुन्हेगारासारखं उभं करत नाही. शंकेच्या जागी पुढे अशीही रीत पडली की नाणी देऊन विधी करायचा, पण देवाचं नाव घेऊन म्हणायचा आशीर्वाद म्हणायचा नाही, कारण देवाचं नाव उगाच घेणं हे पाप.

इथवर ऐकून वाटेल की हा कायदा गेलेल्या गर्भाची मोठी दखल घेतो. घेतो, पण पैशाच्या आणि विधीच्या हिशेबापुरती. दुःखाचं काय?

बापाच्या वारशाच्या हिशेबात गेलेला गर्भ का धरत नाहीत, याचं तालमूदने दिलेलं कारण ऐकण्यासारखं आहे. अनुवाद ग्रंथात ‘बळाचं पहिलं फळ’ असं म्हणताना बळासाठी जो हिब्रू शब्द आहे, त्याच्यासारखाच शब्द शोकासाठीही आहे. पंडितांनी त्या सारखेपणावर बोट ठेवलं आणि अर्थ लावला की ज्याच्या जाण्याने बापाचं मन कळवळतं, तो पहिला. गेलेल्या गर्भासाठी ते कळवळत नाही, म्हणून तो मोजायचा नाही.

हे वाक्य वाचून आम्ही बराच वेळ थांबलो. कोणत्या बापाला विचारून हे लिहिलं असेल? आणि आईचं मन तर या वाक्यात विचारातच घेतलेलं नाही.

याच विचारातून दुसरा नियम आला. जन्मल्यानंतर तीस दिवस पूर्ण व्हायच्या आत मूल गेलं, तर त्यालाही पुरं मूल धरायचं नाही. कोहेनला पैसे आधीच दिले असतील तर त्याने परत करायचे. आणि सुतक पाळायचं नाही, सात दिवस जमिनीवर बसायचं नाही, कपडा फाडायचा नाही, बापाने कद्दीश ही शोकाची प्रार्थना म्हणायची नाही. याचं कारण असं सांगतात की त्या काळी तान्ही मुलं इतकी जात, की दर वेळी सुतक पाळायचं म्हटलं तर घरं शोकातून उठलीच नसती. कारण खरं असेलही. पण सुतक नाही म्हणजे शेजारीपाजारी जेवण घेऊन येत नाहीत, कोणी शेजारी बसत नाही, आणि बाई दुसऱ्या दिवसापासून पाण्याला जाते.

या कडक नियमालाही एक मऊ कोपरा होता. आठ दिवसांच्या आत मुलगा गेला तर स्मशानात त्याची सुंता करून त्याला नाव द्यायचं, असं शुल्खान आरुख सांगतो. नाव अशासाठी, की वर त्याच्यावर दया व्हावी आणि मेलेले उठतील त्या दिवशी त्यालाही उठवलं जावं. ज्याच्यासाठी सुतक नाही, त्याला नाव आहे. नियम लिहिणाऱ्यांनाही काहीतरी टोचत असणार.

हे बदलायला विसावं शतक संपत यावं लागलं, आणि बदल घडवायला बायका रब्बीच्या जागी बसाव्या लागल्या. अमेरिकेतल्या कॉन्झर्वेटिव्ह पंथाने १९८०च्या दशकात बायकांना रब्बीची दीक्षा द्यायला सुरुवात केली. १९९०च्या दशकात त्या पंथाच्या कायदा समितीपुढे या विषयावर निबंध आले, ते डेब्रा रीड ब्लँक आणि स्टेफनी डिकस्टीन या दोन बायकांचे. एकीने गर्भपाताबद्दल लिहिलं, दुसरीने तीस दिवसांच्या आत गेलेल्या बाळांबद्दल. अशा बाळासाठी आईबापांनी शोकाचे विधी करावेत, असं डिकस्टीन यांचं म्हणणं. १९९९ साली नीना बेथ कार्डिन या रब्बी बाईंनी मूल न होणं आणि गर्भ जाणं या दुःखांसाठी प्रार्थना आणि विधी एकत्र करून एक पुस्तकच काढलं. सनातनी पंथांत जुना नियम अजून चालतो, पण तिथंही आता बायका हा विषय उघड बोलतात.

आता पुन्हा त्या एकतिसाव्या दिवसाकडे जाऊ. पाहुणे जमले आहेत, आणि कोहेन आईला विचारतो आहे. तिचा पहिला गर्भ लग्नानंतर लगेच गेला असेल आणि सासरी कोणाला सांगितलं नसेल, तर ती काय करेल? खरं बोलली, तर पाहुण्यांसमोर आपलं मन उघडं पडतं आणि विधी थांबतो. खोटं बोलली, तर देवाच्या नावाने म्हटलेला आशीर्वाद फुकट जातो, आणि ती बाई मानणारी असेल तर ते ओझं जन्मभर तिच्याच मनावर. म्हणून समजूतदार रब्बी हा प्रश्न कित्येक दिवस आधी, एकांतात, विधी ठरवण्यापूर्वीच विचारून घेतात. मग ज्या घरी विधी करायचा नसतो, त्या घरी कारण कोणाला सांगावं लागत नाही.

आम्हाला या सगळ्यातून एकच गोष्ट मनाशी धरावीशी वाटते. कुशीला आठवण असते, हे त्या जुन्या पंडितांनी ओळखलं होतं. जे मूल हाती आलं नाही, त्यानेही कूस उघडली, आणि पुढच्या मुलाला पहिलं म्हणताना ते विसरता येत नाही, इतकं त्यांनी कायद्यात लिहून ठेवलं. पण ती आठवण मोजताना, जिची ती आहे तिच्याजवळ बसायचं त्यांनी लिहिलं नाही. ते काम बायकांनी उशिरा सुरू केलं.

हा प्रश्न आपल्याकडेही विचारला जातो, हे तुम्ही जाणताच. गरोदर बाईचं कार्ड भरताना ताई विचारतात, कितवी खेप, आधी गर्भ पडला होता का? तिथं कारण धर्माचं नाही. बाईच्या जिवाची काळजी घ्यायची, म्हणून ते विचारावंच लागतं आणि खरं सांगावंही लागतं. फक्त विचारताना शेजारी सासू आहे की नवरा, दार उघडं आहे की लोटलेलं, एवढं पाहायला हवं. आणि बाई ‘हो’ म्हणाली, तर रकाना भरून लगेच पुढच्या प्रश्नाकडे जाऊ नका. जरा थांबा, तिच्याजवळ बसा. तिला काही सांगायचं असेल.